फ्रीगंजातली क्रियापदं

माझे वडील बारा वर्षं इंग्रजी क्रियापद होते. त्यांचं नाव बापू पागनीस आणि क्रियापद ‘बॉरो’. ते त्यांना विनूकाकूंनी दिलं आणि बापूंनी ते इमानदारीनं सांभाळलं. शेजारचं वर्तमानपत्र, समोरची शिडी, कुणाची कढई, कुणाची सायकल, सगळं आमच्या घरी पाहुणं म्हणून यायचं आणि राहून जायचं. एकदा ते आमच्या उज्जैनच्या राम घाटावर अंघोळीला गेले आणि कुण्या जळगावच्या यात्रेकरूचा टॉवेल दोन मिनिटांसाठी म्हणून मागून घेतला. त्या टॉवेलानं आम्ही दोघी बहिणी मी बी.कॉम. होईपर्यंत डोकी पुसत होतो.

विनूकाकू म्हणजे विनोदिनी गोपाळ पोतनीस. पोतनीस म्हणजे शिंदेशाहीच्या खजिन्यावरची माणसं. खजिना केव्हाच गेला, आडनाव राहिलं, आणि आडनावाबरोबर जेवताना मान ताठ ठेवायची सवय राहिली. काकू मात्र खांडव्याच्या एका स्टेशनमास्तरची मुलगी. ठेंगण्या, गोल, डाव्या हातानं लिहिणाऱ्या, आणि कुणाचाही मुलाहिजा न ठेवणाऱ्या. फ्रीगंजात, माधव नगरातल्या त्यांच्या घराच्या व्हरांड्यात १९८२ पासून इंग्रजीचा वर्ग भरायचा. बाहेर पाटी होती: ‘विनोदिनी पोतनीस, बी.ए., इंग्रजी’.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच येऊन पडतं. विनूकाकू बी.ए. नव्हत्या. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, १९७६ साली, त्या शेवटच्या परीक्षेला बसल्या आणि नापास झाल्या, तेही इंग्रजीतच. त्यांचं म्हणणं असं की प्रश्नपत्रिकेतल्या एका वाक्यात क्रियापद चुकलं होतं. त्यांनी ते दुरुस्त केलं, का चुकलं यावर दोन पानं लिहिली, आणि मग बाकीच्या प्रश्नांना वेळ उरला नाही. हे त्यांचं म्हणणं, मार्कशीटवर असली कारणं लिहायची पद्धत नाही. घरी त्यांनी पास झाले म्हणून सांगितलं आणि सासऱ्यांनी त्याच संध्याकाळी पेढे वाटले. पेढे वाटून झाल्यावर नापास व्हायला फार धाडस लागतं. ते काकूंना त्या वयात झालं नाही आणि पुढे सोय राहिली नाही.

एक्याण्णव साली गोपाळकाकांची मिल बंद पडली आणि घर त्या पाटीवर चालू लागलं. पाटी खोटी आहे हे बाहेर पडलं असतं तर वर्ग उठला असता. आपली पोरं नापास बाईकडे इंग्रजी शिकायला कोण पाठवणार? काकूंना या एका गोष्टीची भीती होती, दुसऱ्या कशाचीच नव्हती. आणि ही गोष्ट त्यांनी ज्या घरात लपवून ठेवली होती त्याच घरात सुलूवहिनी राहत होत्या.

सुलूवहिनी म्हणजे काकूंची थोरली जाऊ. हिंदी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, हातानं अत्यंत स्वच्छ, तोंडानं मोकळी. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. सकाळी त्यांच्या कानावर घातलेलं दुपारी दूधवाल्याला ठाऊक असायचं. एका घरात सुनेला दिवस गेल्याची बातमी तिच्या नवऱ्याला सुलूवहिनींकडून कळली, आणि त्यानं तिथेच रस्त्यात त्यांना वाकून नमस्कार केला, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांच्यात वाईटपणा कणभर नव्हता. गोष्ट आत राहिली की त्यांना गुदमरायला व्हायचं, इतकंच.

काकूंच्या शिकवण्यात खुबी होती ती अशी. उज्जैनचा माणूस, मराठी असो की हिंदी, से, टेल, स्पीक, टॉक हे सगळं एका ‘बोलला’त उरकतो. उधार दिलं काय आणि उधार घेतलं काय, आमच्याकडे दोन्हीत उधारच. पुस्तकातले नियम पोरं पाठ करायची आणि तोंड उघडलं की गोंधळ व्हायचा. म्हणून काकूंनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि प्रत्येक क्रियापद वस्तीतल्या एकेका माणसाच्या नावावर करून टाकलं. बॉरो म्हणजे बापू पागनीस, कारण वस्तू नेहमी त्यांच्या दिशेनं जाते. लेंड म्हणजे तात्या कर्णिक, कारण वस्तू नेहमी त्यांच्या घरून निघते. राइज म्हणजे नंदावहिनी दिघे, ज्या पहाटे आपल्या आपण उठतात, कुणी उठवावं लागत नाही. रेज म्हणजे त्यांचे यजमान दिलीप वकील, ज्यांना उचलायला सारखं काहीतरी लागतं: हात, आवाज, मुद्दा, आक्षेप.

गृहपाठही तसाच. क्रियापद पाठ करायचं नाही, त्याच्या घरी जाऊन यायचं. लेंडचा धडा झाला की बारा पोरं एकामागून एक तात्यांच्या दारात उभी राहून शिडी मागायची. तात्यांना अनेक वर्षं वाटत होतं की नव्या पिढीत आपण फार लोकप्रिय आहोत. वस्तीतल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष व्हायला ते उभे राहिले ते याच हिशेबानं, आणि निवडूनही आले.

से आणि टेलचा धडा मात्र घरबसल्या व्हायचा. काकू सांगायच्या की से भिंतीशी करता येतं, देवाशी करता येतं, एकट्यानं करता येतं. टेलला समोर माणूस लागतो. माणूस नसेल तर टेल दारात येऊन उभं राहतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गाठतं. मग त्या गप्प बसायच्या. दोन मिनिटांत सुलूवहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर यायच्या आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारायच्या की तुला कळलं का, त्या कोपऱ्यावरच्या घरात काल काय झालं ते. पोरं पोट धरून हसायची. वहिनींना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्याही हसायच्या. मीही त्या बाकांवर बसून अनेकदा हसले आहे, आणि पुढे त्याच वर्गात लहान मुलांना शिकवू लागले तेव्हा हाच धडा याच विरामासकट मीही दिला आहे.

मग ते नव्वदीचं प्रकरण सुरू झालं. सरकारनं परदेशी कंपन्यांना या म्हटलं आणि उज्जैनला वाटलं की त्या सगळ्या फ्रीगंजात उतरणार. घरांवर केबलच्या तारा आल्या, पानाच्या ठेल्यावर विदेशी सरबतं आली, आणि ज्या पोराला पीथमपूरच्या कारखान्यात चिकटायचं होतं ते इंग्रजी बोलायला शिकू लागलं. टावर चौकात एका साडीच्या दुकानाच्या वर सुमीतभैयांची इंग्लिश अकॅडमी निघाली. सुमीतभैया म्हणजे साडीवाल्यांचा धाकटा मुलगा, इंदूरला सहा महिने राहून आलेला. त्याच्याकडे एअरकंडिशनर होता, टेपरेकॉर्डर होता, टाय होता. शिकवायला काही नव्हतं.

ते त्याला आमच्याच एका विद्यार्थ्यानं पुरवलं. काकूंच्या धड्यांच्या वहीची झेरॉक्स चौकात पोचली आणि चौऱ्याण्णवच्या जुलैत तिची छापील पुस्तिका झाली, गुळगुळीत मुखपृष्ठाची, प्रत्येक वाक्याखाली हिंदी अर्थ दिलेली. चोरी केली ती केली, पण सुमीतभैयानं नावंही बदलली नाहीत. त्याला वाटलं, राम-श्याम असतात तशी ही पुस्तकातली नावं असणार. बापू, तात्या, सुलू ही जिवंत माणसं आहेत आणि त्याच्या अकॅडमीच्या खालून रोज भाजी घेऊन जातात, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. पुस्तिका देवास आणि शाजापूरपर्यंत गेली.

आमच्या मराठी वस्तीत जो गहजब झाला त्याचं वर्णन करायला मला आजही मजा येते. माणसं चिडली, पण आपल्यावरून कमी आणि दुसऱ्यावरून जास्त. जो तो पुस्तिका हातात घेऊन दुसऱ्याच्या घरी जायचा, त्याचं पान काढून दाखवायचा आणि किती वाईट झालं म्हणून हळहळायचा. ज्यांची नावं पुस्तिकेत नव्हतीच ती माणसं सगळ्यात जास्त दुखावली. एका रिटायर्ड हेडमास्तरांनी तर मला थांबवून विचारलं की चाळीस वर्षं या गावात काढली, एकही क्रियापद आपल्याला लागू पडलं नाही का? बापूंना छापून आल्याचा आनंद झाला. त्यांनी पुस्तिकेच्या तीन प्रती मिळवल्या, तिन्ही मागून.

खरा राग दोघांना आला. एक दिलीप वकील. कोर्टात कुण्या अशीलानं त्यांना ‘रेजसाहब’ म्हटलं आणि न्यायाधीशांच्या शिपायालाही हसू आलं. आणि दुसऱ्या सुलूवहिनी.

वहिनींनी पुस्तिका दळणाच्या गिरणीत वाचली. इंग्रजी वाक्यं त्यांना नुसती दिसली, पण खालचं हिंदी त्यांना वाचता येत होतं. ‘सुलू सबको बता देती है. सुलू से रहा नहीं जाता. सुलू को बताओ, सारा शहर जान लेगा.’ बारा वर्षं ट्रे घेऊन आपण बाहेर आलो की पोरं कशाला हसत होती, ते त्यांना त्या गिरणीत, पिठाच्या डब्यावर हात ठेवून उभ्या असताना कळलं. त्या घरी आल्या, डबा जागेवर ठेवला आणि त्या दिवसापासून विनूकाकूंशी बोलल्या नाहीत.

काकूंशीच काय, कुणाशीच बोलल्या नाहीत. स्वयंपाक करायच्या, वाढायच्या, वर्गाला चहाही आणून ठेवायच्या आणि खाली मान घालून आत जायच्या. दूधवाल्यानं मला विचारलं की घरात कोणी गेलं का. तीन दिवसांनंतर काकू माफी मागायला गेल्या, वहिनी भाजी निवडत राहिल्या. सातव्या दिवशी काकूंनी मला सांगितलं की घर इतकं शांत आहे की नळ गळतो ते ऐकू येतं. कुणाच्याही तोंडावर काहीही बोलणाऱ्या काकूंचे डोळे भरून आलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. आपण जावेला दुखावलं याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, आणि ते भरून कसं काढायचं हे त्यांना कळत नव्हतं.

अकराव्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये गणपतीच्या कार्यक्रमांची बैठक होती. पहिला विषय निघायच्या आतच दिलीप वकिलांनी हात वर केला, पाठोपाठ आवाज वर केला, आणि मागच्या रांगेतली तीनचार पोरं खाली बघून खुसखुसली. त्यामुळे वकील आणखीच पेटले. त्यांनी समाजाच्या अब्रूपासून सुरुवात केली आणि पाचव्या मिनिटाला जिथे यायचं होतं तिथे आले. ज्या बाईंनी आपल्याला क्रियापदं करून टाकलं त्यांची पात्रता काय, हे मंडळाला कळलं पाहिजे. पाटीवर बी.ए. लिहिलं आहे, ती डिग्री आजपर्यंत कुणी पाहिली आहे का? वकिलांना काही माहीत होतं असं नाही, ते अंधारातच हात फिरवत होते, पण हात नेमक्या जागी पडला.

सगळ्यांच्या नजरा विनूकाकूंकडे गेल्या. मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मला तेव्हा वाटलं, अपमानानं आला असेल.

तात्यांना भांडण नको होतं, त्यांना चहा हवा होता. त्यांनी अध्यक्षांच्या खुर्चीवरून सोपा उपाय काढला आणि सुलूवहिनींकडे वळले. तुम्ही एका घरात राहता, तुम्हीच सांगा, म्हणजे विषय संपला. सगळा हॉल वळला. सुलूवहिनी सांगतील ते खरंच असणार याबद्दल कुणालाही शंका नव्हती. त्या कधी खोटं बोलत नसत, सांगायला खरंच इतकं असायचं की खोट्याला उसंत मिळत नसे. आणि त्या जावेवर किती रागावल्या आहेत हेही सगळ्यांना माहीत होतं. अकरा दिवस गप्प असणं ही बातमी कुणी न सांगताच गावभर झाली होती.

वहिनी उठल्या. त्यांनी पदर खोचला.

“डिग्री आहे,” त्या म्हणाल्या. “मी पाहिलेली आहे. मामंजींनी स्वतः लाल फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवून दिली होती. दिलीपभाऊ, तुम्हाला बघायची असेल तर घरी या, मी काढून देते. पण येताना नंदाला सोबत आणा, तुम्ही फालतूचे ओरडता.”

हॉल हसला. नंदावहिनीही हसल्या, जरा जास्तच वेळ. वकील बसले, तात्यांनी चहा मागवला आणि गणपतीच्या नाटकावर चर्चा सुरू झाली. विनूकाकू मात्र सुलूवहिनींकडे बघत राहिल्या होत्या. ट्रंकेत तसलं काही नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण मग वहिनी खोटं कशाला बोलतील?

परत येताना आम्ही तिघी टावर चौकातून चाललो होतो. वहिनी पुढे, काकू मागे, मी त्यांच्या पर्सा सांभाळत. अकॅडमीच्या पायऱ्यांपाशी काकूंनी विचारलं, “वहिनी, तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?”

वहिनींनी मागे वळून पाहिलं नाही. “शहात्तरपासून. पोस्टमननं पाकीट माझ्याच हातात पकडवलं होतं. आत सगळं हिंदीत होतं, वाचून घेतलं, आणि भाताची शितं लावून परत चिपकवून दिलं. तू उघडलंस तेव्हा अजून ओलं होतं, तुला समजलं नाही?” आणि त्या पुढे चालू लागल्या. कशाबद्दल बोलणं चाललं आहे ते मला त्या दिवशी कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी वर्गाला पोचले तर पाटीवरच्या ‘बी.ए.’ वर चुन्याचा पांढरा फराटा होता. काकूंच्या बोटांनाही चुना होता. चाळीस पोरं बसली होती. काकू फळ्यापाशी उभ्या राहिल्या आणि प्रस्तावना न करता, आधी मराठीत आणि मग हिंदीत, म्हणाल्या की आपण बी.ए. नाही. इंग्रजीत नापास आहोत. हे अठरा वर्षं लपवलं, ते चुकलं. आणि आजपासून सुलूवहिनी या वर्गात क्रियापद नाहीत, त्यांची आपण या सगळ्यांसमोर माफी मागतो. ज्यांना जायचं असेल त्यांनी जावं.

कुणी हललं नाही. मागच्या बाकावरचा एक मिशीवाला इलेक्ट्रिशियन उभा राहिला आणि त्यानं विचारलं, मैडम, तो आज का क्लास होगा कि नहीं? होगा, असं काकू म्हणाल्या. तो बसला आणि त्यानं वही उघडली. मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. महिन्याभरात अकराजण सोडून गेले, त्यातले सहा परत आले, कारण टावर चौकातला एअरकंडिशनर बिघडला होता. पण हे पुढचं.

त्या सकाळी काकूंच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू होतं. जावेनं आपल्यासाठी भर सभेत खोटं बोलावं, हे त्यांना सहन झालं नव्हतं, आणि आता त्यांनी ते फेडून टाकलं असं त्यांना वाटत होतं. मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. सुलूवहिनी ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चहा बशांमध्ये सांडत होता आणि त्या रडत होत्या.

“कुणाला विचारून सांगितलंस?” त्या म्हणाल्या.

काकू काहीतरी बोलायला गेल्या. वहिनींनी ट्रे पहिल्या बाकावर ठेवला. बारा वर्षं मी ज्या गोष्टीला हसत होते आणि पोरांना हसवत होते, तिची मला तेव्हा इतकी लाज वाटली की मला मान वर करता येईना.

“अठरा वर्षं, विनू. मामंजींना नाही बोलले, ह्यांना नाही बोलले. मला टायफॉइड झाला, तापात बडबडत होते, तेव्हासुद्धा नाही बोलले, मी नंतर ह्यांना विचारून घेतलं. सगळे म्हणायचे, सुलूच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी मनात म्हणायचे, म्हणू दे, एक गोष्ट आहे माझ्यापाशी. एकच होती. तीही तू वाटून टाकलीस.”